मागच्या दाराची किल्ली

ऋतुराजचा उजवा कान माझ्या चिमटीत होता आणि मी तो सोडत नव्हते.

आधी सगळे हसत होते. नवरदेवाच्या मुंडावळ्या हलत होत्या, फोटोवाला गुडघ्यावर बसून फोटो काढत होता, मागनं कुणीतरी ओरडलं, जरा दमानं, कान घरी न्यायचाय. भटजीबुवा म्हणाले, "माग की बाई काय पाहिजे ते. पुढचे विधी खोळंबलेत." आणि मी मागितलं. मग हसणं असं थांबलं ना, जसं कुणी जनरेटर बंद केला.

पण थांबा. असं सांगितलं तर तुम्हाला मजा नाही कळायची. पहिल्यापासून सांगते. आणि सानिया, तू ही गोष्ट आधी ऐकलीयस, मधे बोलायचं नाहीस, तुझी सवय माहितीये मला.

तर ऋतुराज म्हणजे माझ्या मामाच्या प्राजूचा नवरा. कॉलेजात जमलेलं त्यांचं, कराडला. मुलगा चांगला आहे, आजही माझं त्याच्याशी छान आहे. प्रश्न त्याच्या बापाचा होता. दिनकरराव शिंगटे. आमच्या विट्याकडं पोल्ट्रीच पोल्ट्री, तर ह्यांच्याही शेड होत्या रस्त्याला लागून. मधे एकदा कोंबड्यांवर रोग आला, शेड रिकामी पडली, तर ह्यांनी काय केलं, एका शेडमधे फरशी घातली, बाजूच्या जाळ्यांवर प्लायवूड ठोकलं, पत्रे दिसू नयेत म्हणून वरनं गुलाबी कापडाच्या चुण्याचुण्यांचं छत ताणलं, थर्माकोलचे खांब उभे केले आणि बोर्ड लावला, राजलक्ष्मी मंगल कार्यालय. एसी नाही, काही नाही. ढगाळ हवा असली की अत्तर मारलं तरी खालनं कोंबड्यांचा वास यायचा. लोक म्हणायचे कोंबडी हॉल. पण पट्ट्यात दुसरा हॉल नव्हता, त्यामुळं सगळ्यांची लग्नं तिथंच.

आता माझी आत्या. हौसाआत्या. बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मला तिनंच वाढवलं म्हणा की. ती लग्नातल्या पोळ्या लाटायची. म्हणजे अशीतशी नाही. तिची बायकांची टोळी होती, आणि कुठंही मोठं कार्य असलं की पहिला निरोप आत्याला. पुरणाची पोळी अशी लाटायची की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा दिवा दिसावा. आणि पोळपाट-लाटणं स्वतःचं, पिशवीत घालून न्यायची, दुसऱ्याच्या लाटण्याला हात लावायची नाही.

एकदा त्या हॉलमधे कुणाच्या तरी बाळाचं बारसं होतं. आत्याची टोळी स्टेजच्या बाजूच्या खोलीत पोळ्या करत होती. आणि वर छताला लावलेला हॅलोजन तापून कापडानं पेट घेतला. ज्वाळा फार नव्हत्या, पण थर्माकोल जळला की कसला धूर येतो माहितीये ना, काळा, डोळ्यांत शिरणारा. समोरच्या दारात चेंगराचेंगरी. आणि स्टेजच्या शेजारी दुसरं दार होतं, त्याच्यावर हिरवी लाईट, EXIT लिहिलेलं. मग ह्या बायका तिकडं पळाल्या. आत्या सगळ्यांत पुढं. तिच्या हातात पाण्याची कळशी होती, छतावर फेकायला उचलली होती तिनं. दार उघडेना. मागनं लोंढा आला. आत्याचा उजवा हात कडीपाशी दाराच्या फटीत अडकला आणि वरनं माणसं. दोन बोटं अशी चिरडली की आजपर्यंत वळत नाहीत.

कुणी मेलं नाही. म्हणून कुणाला काही वाटलंही नाही फारसं.

पण लोकांनी विचारलं ना दिनकररावांना, दार बंद कसं होतं. तर हा माणूस पारावर बसून सांगतो काय, दार उघडंच होतं हो, हौसा लाडवाचा डबा मारून मागच्या दारानं पळत होती, डब्यासकट दारात अडकली, तिच्यामुळं मागची माणसं कोंडली. कळशीचा डबा झाला. पाण्याचे लाडू झाले. आणि लोकांना हे इतकं आवडलं. आग लागली, दार उघडलं नाही, ह्यात सांगण्यासारखं काय आहे? पण बाई लाडू घेऊन दारात अडकली म्हणलं की चहाबरोबर आठवडाभर चालतं.

आत्याचं नाव पडलं डबेवाली. पोरं मागनं ओरडायची. टोळीतल्या बायकासुद्धा दुसऱ्या बाईबरोबर जायला लागल्या, सोनाबाई म्हणून तिची जिवाची मैत्रीण होती, ती पण. हात बरा असता तरी कुणी बोलावलं नसतं. आत्या एकच सांगायची, ज्याला त्याला. "आगं दार हललंबी न्हाई. भिंत ढकलावी तसं लागत व्हतं." आम्ही म्हणायचो, हो आत्या, कुलूप असणार. ती म्हणायची, कुलपाचं दार जरा तरी हलतं. पण तिचं कोण ऐकतंय. आम्हाला वाटायचं भेदरून बोलते.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते, सिव्हिलला. आमच्या अभ्यासात सगळं होतं, माणसं जमतात त्या इमारतीला दारं किती, कुठं, बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, माणसं आत असताना कुलूप नको, छताला पेट घेणारं कापड नको. माझं डोकं असलं तापलेलं. मी अर्ज घेऊन निघाले. ग्रामपंचायत म्हणाली तालुक्याला जा. तालुक्याला म्हणाले जिल्ह्याला जा. जिल्ह्याला एक साहेब होते, शांत, पान खाणारे. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, हे तर शेतीचं बांधकाम आहे, कुक्कुटपालनाची शेड, ह्याला इमारतीचे ते नियम लागत नाहीत. मी म्हणलं, साहेब, तिथं लग्नं होतात. ते म्हणाले, कागदावर कोंबड्या आहेत. मी म्हणलं, मग निदान दार तरी बघायला चला. तर हसून म्हणाले, "बाळ, कोंबड्यांना आपत्कालीन दरवाजा लागत नाही. तरी बिचाऱ्यांनी लावलाय, फोटो आहे बघ फाईलला."

आणि खरंच फोटो होता. दार, वर हिरवी लाईट. सुंदर.

त्या दिवशी एसटीत बसून मी ठरवलं की ह्या माणसाला मी सोडणार नाही. कसं, ते माहीत नव्हतं. पण सोडणार नव्हते.

तोवर हॉल दुरुस्त झाला. नवं कापड, ह्या वेळी मोरपिशी. नवा बोर्ड, राजवैभव. आणि वर्षभरात प्राजूचं लग्न ठरलं, कुणाशी, तर शिंगट्यांच्या ऋतुराजशी. आणि लग्न कुठं, तर घरचाच हॉल असताना दुसरीकडं कशाला.

मी मामाकडं जाऊन भांडले. मामा म्हणाला, जुनं उगाळत बसू नकोस, पोरीचं भलं बघ. आत्याला आमंत्रण होतं तसं, पण ती म्हणाली, "मी न्हाई येत. तू जा. तुझ्या बहिणीचं लगीन हाय." आणि माझी साडी तिनंच नेसवली, एका हातानं. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत निऱ्या बसत नव्हत्या, तर तिनं त्या दातांत धरल्या.

आता हॉलवर गेले तर काय, दिनकरराव दारातच. फेटा, गुलाबपाणी, हात जोडून. मला बघितलं आणि चार पाहुण्यांच्या समोर म्हणतात, "या या. एकट्याच? आत्याबाई न्हाई आल्या? बरं झालं, आमी आपलं लाडू मोजून ठेवल्यात."

पाहुणे हसले. मामा पण हसला, थोडा. मी पण हसले. मला आतनं असं झालं होतं ना, की गुलाबपाण्याची ती सगळी झारी त्याच्या फेट्यावर उपडी करावी. पण मी हसले आणि आत गेले आणि पहिलं वर बघितलं. कापड. चुण्यांतनं वायरी लोंबत होत्या. हॉल खचाखच, मांडीला मांडी, लहान पोरं, म्हाताऱ्या, गरोदर बायका. आणि स्टेजच्या शेजारी ते दार, हिरवी लाईट चालू, आणि त्याला हे एवढं कुलूप.

मी जवळ जाऊन बघितलं. बिजागऱ्या आतल्या बाजूला. म्हणजे दार आत उघडणारं. मी मनात म्हणलं, वा, हा पण नियम मोडला का.

मग मी प्राजूच्या खोलीत गेले. तिच्या डोक्यात गजरे माळत होते. मी बायकांना म्हणलं जरा बाहेर थांबा, मला माझ्या बहिणीशी बोलायचंय, आणि दार लावून घेतलं. प्राजूला भाऊ नाही. त्यामुळं कानपिळीला कोण, हा विषय महिनाभर चालला होता. म्हणजे नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि काहीतरी कबूल करून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. मामा म्हणत होता चुलत्याच्या पोराला उभा करू. प्राजू अडून बसली होती की मयूच करणार, म्हणजे मी, माझा भाऊ तीच.

मी तिला म्हणलं, प्राजू, मी कानपिळीला काय मागणार आहे ते आधी तुला सांगते, तू नको म्हणालीस तर मी ड्रेस मागेन आणि गप्प बसेन. आणि सांगितलं.

ती आरशात बघत होती. मला वाटलं रडेल. तर ती म्हणाली, "मी ऋतुराजला दोनदा विचारलं त्या दाराचं. म्हणतो, किल्ली अप्पांकडं असते, मी कधी उघडलेलं बघितलं नाही. आता मला ह्यांच्या घरात राहायचंय, मयू. मला पण बघायचंय दारामागं काय आहे."

मी म्हणलं, तुझं लग्न आहे.

"म्हणून तर. अक्षता पडू देत फक्त. मग पिळ. आणि जोरात पिळ, लाजू नकोस."

मग मी वाट बघत बसले. मंगलाष्टकं संपता संपेनात, प्रत्येक आत्या, मावशी, मामीला माईक पाहिजे. मी वर बघत होते. एका हॅलोजनजवळचं कापड पिवळट झालं होतं, का मला तसं दिसत होतं, देव जाणे. शेवटी सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. लग्न लागलं. आता काही केलं तरी ते मोडणार नव्हतं.

कानपिळीला मी पुढं झाले तर मुलाकडच्यांत खसखस. एक काका म्हणाले, पोरगी कान पिळणार? भटजीबुवा पण घुटमळले. आणि इथं दिनकररावांनी चूक केली. त्यांना माईकची हौस भारी. भटजींच्या हातातनं माईक घेतला आणि म्हणाले, "पिळू दे की. आमी काय जुन्या विचाराचे न्हाई. पोरगी हाय म्हणून काय झालं? ती जे मागंल ते दिनकर शिंगटे देणार. सगळ्या पावण्यांसमोर शब्द हाय."

टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं असणार, ड्रेस मागेल, मोबाईल मागेल. माईक त्यांनी माझ्यासमोर धरला. स्वतःच्या हातानं धरला बघा.

मी ऋतुराजचा कान पकडला आणि पिळला. आणि म्हणलं, "किल्ली."

"कसली किल्ली?"

"त्या दाराची. ज्याच्यातनं माझी आत्या लाडू पळवत होती."

तेच ते, जनरेटर बंद झाल्यासारखं. इतकं की लांब कुठंतरी एक बाळ रडत होतं ते पण ऐकू आलं. दिनकररावांनी माईक खाली घेतला, पण त्याला काय, पुढच्या सगळ्यांनी ऐकलं होतं आणि मागच्यांना पुढचे सांगत होते. ते हसले. म्हणाले, किल्ली घरी राहिली. दुसरं काहीतरी माग, बाळ.

मी कान आणखी पिळला. ऋतुराज कळवळला, आणि तसाच वाकडा होऊन म्हणाला, "अप्पा, जुडगा तुमच्या खिशात आहे. सकाळी तुम्ही स्टोअरची खोली उघडलीत त्यानंच."

त्याला काही माहीत नव्हतं हो. त्याला खरंच वाटलं की बाप विसरलाय.

मामा पुढं आला, दात ओठ खात, मयूरी, कान सोड आणि खाली उतर. मी सोडला नाही. तर प्राजू म्हणाली, अगदी हळू, पण माईक तिथंच होता ना, "बाबा, मी सांगितलंय तिला. अप्पांनी शब्द दिलाय."

आता नवी सून, डोक्यावर अक्षता, आणि सासऱ्याचा शब्द. सगळा हॉल बघतोय. दिनकरराव किल्ली देतील कसे आणि न देतील कसे. शेवटी एका म्हाताऱ्या पाहुण्यानं, त्यांच्याच भावकीतल्या, आवाज दिला, "दे की रं दिनकर. दारच उघडायचंय, तिजोरी न्हाई."

जुडगा निघाला. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, ऋतुराजच्या हातात टाकला. आणि मी काय कान सोडते का. मी तसाच कान धरून त्याला दाराकडं घेऊन चालले. आणि त्याच्या उपरण्याला प्राजूच्या शालूची गाठ बांधलेली, त्यामुळं ती पण मागनं. अशी आमची वरात. पुढं मी, मधे कान, मागं नवरी, आणि तिच्यामागं फोटोवाला, त्याला काय कळत नव्हतं पण तो काढत होता.

कुलूप गंजलं होतं. ऋतुराजनं दोन-तीन किल्ल्या लावून बघितल्या. एक फिरली. कडी काढली. दार आत ओढलं, ते कुरकुरत आलं.

आणि मागं भिंत.

म्हणजे अशी भिंत, की दाराच्या चौकटीत अगदी चिकटून. वीट, वर चुना. पोल्ट्रीच्या शेडची आडवी भिंत असते ना, उन्हाची बाजू म्हणून सबंध बंद बांधतात, तीच. तिच्यावर फक्त चौकट ठोकली होती आणि दार बसवलं होतं आणि लाईट लावली होती. चुन्यावर निळ्या रंगात जुनी अक्षरं, शेड तीन. आणि त्या अक्षरांच्या खाली चुन्यात चिकटलेलं एक पांढरं पीस.

मी कान सोडला. मला कुलूप दाखवायचं होतं हो. भिंत मला पण माहीत नव्हती. मी मघाशी बिजागऱ्या बघून म्हणत होते नियम मोडला, दार आत उघडतं. आत उघडणार नाही तर काय करणार ते बिचारं? बाहेर जायला जागाच नव्हती त्याला.

ऋतुराजनं हात लावून बघितलं. भिंतीला. जसं काय ती खरी आहे का बघतोय. मग वळून बापाकडं बघितलं. दिनकरराव म्हणाले, आणि हे त्यांचं दुसरं, मोठं चुकलं, म्हणाले, "आरं, ते फोटोपुरतं लावलंय. फाईलला बरं दिसतं म्हणून. तपासायला कोण येतंय?"

मग पोळ्यांच्या खोलीतनं सोनाबाई बाहेर आली. पिठाचे हात तसेच. ती दारापर्यंत आली, भिंतीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि दिनकररावांना म्हणाली, "मग हौसा डबा घेऊन कुठनं चाललीती?"

ते फेटा सावरायला लागले.

"सांगा की मालक. हितनं तर मुंगी जात न्हाई. मी तिच्यामागं व्हते त्या दिवशी. मला वाटलं तिनंच दार अडवलं. दोन वर्सं झाली, मी तिच्या उंबऱ्याला गेले न्हाई. कुठनं चाललीती ती?"

आणि तेवढ्यात कुणाचीतरी नजर वर गेली. छताकडं. एकाची गेली तशी सगळ्यांची गेली. कापड, वायरी, हॅलोजन. मग भिंत. मग लांबवर ते समोरचं एकुलतं एक दार. मला लोकांच्या तोंडावर दिसलं, आता पळणार हे. मी झडप घालून माईक घेतला. म्हणलं, कुणी पळायचं नाही. आग नाही लागलेली. मागच्या रांगेनं आधी उठा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना पुढं घ्या, एकेक रांग, आम्ही सगळ्यांत शेवटी येतो, नवरा-नवरी इथंच उभे आहेत. आणि ते खरंच उभे राहिले, स्टेजवर, गाठ बांधलेली, सगळा हॉल रिकामा होईपर्यंत. प्राजू भिंतीकडं पाठ करून, आणि ऋतुराज भिंतीकडं तोंड करून.

बाकीचे विधी बाहेर चिंचेखाली झाले. पंगत वावरात बसली, ढेकळांवर सतरंज्या टाकून. आत दिनकरराव एकटे खुर्चीवर, फेटा मांडीवर, आणि ते उघडं दार. ते बंद करायचं पण त्यांना सुचलं नाही. जो तो मोबाईल घेऊन आत जायचा, भिंतीबरोबर फोटो काढून यायचा.

निघताना सोनाबाईनं माझ्या हातात एक डबा दिला. पितळी, हॉलवरचाच, झाकणापर्यंत लाडवांनी भरलेला. म्हणाली, हौसाला दे, आणि सगळ्यांसमोरनं घेऊन जा, पदराखाली धरू नकोस.

मी घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, डाव्या हातानं. मी डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"चोरून आणलास?"

"नाही. पुढच्या दारानं. मागं दारच नाही आत्या. भिंत आहे."

ती हसेल, रडेल असं वाटलं होतं मला. तिनं शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाली, पुन्हा सांग. मी सांगितलं. पुन्हा. भिंत कसली होती? विटांची. गिलावा व्हता का? चुना होता. हं, म्हणाली. हाताला खरखरीत लागलं व्हतं, फटीतनं बोटं गेलीती तवा. मग म्हणाली, "मी तवाच म्हनलंतं."

"हो आत्या."

"भिंत ढकलावी तसं लागतंय म्हनलंतं का न्हाई?"

"म्हणलीस."

"मग?"

मी तिच्या शेंगा पुढं ओढल्या आणि फोडायला लागले.

मग तिनं मला जवळ बोलावलं. त्या पोराचा कान कसा पिळलास, दाव. मी म्हणलं, असा. ती म्हणाली, तसं नको, थांब. आणि उजवा हात पुढं केला. अंगठा आणि ती दोन चांगली बोटं. माझा कान धरला. "असा?"

"अजून जोरात."

तिनं पिळला. ज्या हातानं धड भाकरी मोडता येत नव्हती, त्या हातात एवढा जोर कुठनं आला कोण जाणे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आन त्या दिनकऱ्याचा?"

"त्याचा राहिला."

"बरं," म्हणाली. आणि डबा उघडून एक लाडू खाल्ला, एक मला दिला, आणि बाकीचे आळीतल्या पोरांना वाटले. त्याच पोरांना, जी डबेवाली म्हणून ओरडायची. डबा घासून पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिंगट्यांच्या घरी सत्यनारायण. पाहुणेरावळे, भावकी, सगळा गाव प्रसादाला. आत्यानं ठेवणीतलं इरकल काढलं, मला म्हणाली चल, डबा परत द्यायचाय. वाड्यावस्तीतली माणसं बघत होती. अंगणात दिनकरराव पाहुण्यांत बसले होते, फेटा नव्हता आज. आत्या पुढच्या दारानं आत गेली, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि रिकामा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. झाकण काढून.

"लाडू खाल्लं सगळं," म्हणाली. "डबा मोजून घे."

कुणी हसलं नाही. आतनं प्राजू प्रसादाची वाटी घेऊन आली, आत्याच्या पाया पडली, आणि ऋतुराजही तिच्या मागनं येऊन पडला. दिनकरराव डबा दोन्ही हातांनी धरून तसेच बसले. ठेवावा कुठं ते त्यांना कळेना.

आता तिथं परत कोंबड्या आहेत. ऋतुराजनंच भरल्या. सगळं प्लायवूड काढून जाळ्या मोकळ्या केल्या, ते दार उचकटून जळणात टाकलं. मधे मी त्या जिल्ह्याच्या साहेबांना भेटायला गेले होते कामासाठी, तर त्यांना म्हणलं, साहेब, आता तुमचा कागद खरा झाला.

पण मला त्यातलं एकच आठवतं. अंगणातनं निघताना मी मागं वळून बघितलं. दिनकररावांचे दोन्ही कान लालबुंद झाले होते, आणि हात तर कुणी लावलाच नव्हता.